वाचक विचारतात: टॅपेटसाठी फिलर गेज कोणता घ्यावा?

घरच्या घरी टॅपेट सेटिंग करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. फिलर गेज म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनातली झडप (इनटेकची आत घेणारी, एक्झॉस्टची बाहेर सोडणारी) आणि रॉकर म्हणजे तिला दाबणारा आडवा हात. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट म्हणजे टॅपेट गॅप. ती मोजायला याहून साधं हत्यार नाही. पण ते चुकीचं निवडलं किंवा चुकीच्या वेळी फटीत घातलं, तर आकडा बरोबर दिसतो आणि व्हॉल्व्ह मात्र जळतो.

प्रश्न: माझी 125 सीसीची गाडी आहे. पुस्तकात टॅपेट गॅप इनटेकला 0.08 आणि एक्झॉस्टला 0.12 मि.मी. दिला आहे, दोन्ही अधिक-उणे 0.02. दुकानात 13, 20 आणि 32 पात्यांचे सेट दाखवले. जास्त पाती असलेला घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

पात्यांची संख्या पाहूच नका. सगळ्यात बारीक पाती कोणती आहेत आणि 0.05 ते 0.15 या टप्प्यात एकूण किती आहेत, एवढंच पाहा. मोटरसायकलच्या टॅपेटचं जवळपास सगळं काम 0.30 च्या खाली होतं. त्यावरची पाती तुमच्याकडे पडूनच राहणार.

बाजारात सर्रास मिळणारा 20 पात्यांचा सेट 0.05 पासून 1.00 पर्यंत, प्रत्येक पायरी 0.05 ची, असा असतो. म्हणजे 0.05 नंतर थेट 0.10, मग 0.15. तुमचे 0.08 आणि 0.12 दोन्ही मधल्या खड्ड्यात पडतात. 13 पात्यांच्या सेटची सुरुवातही अशीच असते, पुढे 0.30 नंतर तो 0.10 च्या उड्या मारतो. हे दोन्ही सेट मोठ्या इंजिनांना आणि प्लगच्या गॅपला ठीक आहेत, तुमच्या टॅपेटला नाहीत.

32 पात्यांचा सेट बहुधा इंच आणि मि.मी. अशा दोन्ही खुणांचा असतो. मूळ माप इंचात, मि.मी.चा आकडा त्यावरून काढलेला. त्यात 0.003 इंचाचं पातं 0.076 मि.मी. भरतं. ते तुमच्या 0.08 ला चालेल. एक्झॉस्टला मात्र 0.004 म्हणजे 0.102, किंवा 0.005 म्हणजे 0.127, एवढेच पर्याय. 0.127 तुमच्या मर्यादेत बसतं, त्यामुळे नाइलाज असेल तर वापरा.

या सेटचा एक मोठा धोका आहे. काही पात्यांवर इंचाचा आकडा दशांश चिन्हाशिवाय, नुसता 3, 4, 8 असा कोरलेला असतो. पुस्तकातला 0.08 डोक्यात धरून कोणी 8 लिहिलेलं पातं घातलं, तर तो गॅप 0.008 इंच, म्हणजे 0.20 मि.मी. झाला. पुस्तकाच्या अडीचपट! मग गाडी शिवणयंत्रासारखी वाजते आणि दोष इंजिनाला दिला जातो.

आमचं मत विचाराल तर 0.03 ते 0.10 पर्यंत 0.01 च्या पायरीने जाणारा आठ पात्यांचा बारीक सेट घ्या आणि 0.12 व 0.14 ची पाती सुटी घ्या. सुटी पाती मिळतात, ती साधारण 12.7 मि.मी. रुंद असतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी अशा हत्यारांच्या बाजारात मापाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात विचारा. स्पेअर पार्टच्या दुकानात बहुधा 20 पात्यांचाच सेट पुढे केला जातो. गेजवर डीआयएन 2275 किंवा जेआयएस बी 7524 हे मानक लिहिलेलं असेल तर उत्तम.

सुटं पातं मिळालंच नाही तर दोन पाती एकत्र धरून चालतं: 0.05 आणि 0.07 मिळून 0.12. दोन्ही पुसून कोरडी करा, कडेला बर (कापताना उरलेली बारीक कोर) नाही हे नखाने पाहा आणि बोटांत घट्ट दाबून एकदमच आत घाला. तीन पाती एकत्र करू नका. प्रत्येक सांध्यात तेलाचा थर आणि थोडा पोक राहतो, आणि 0.02 च्या मर्यादेत तेवढीही चूक परवडत नाही.

प्रश्न: पातं घातल्यावर "किंचित अडकत निघालं पाहिजे" असं सगळे सांगतात. किंचित म्हणजे किती? प्रत्येकाचा हात वेगळा. (एक वाचक, लातूर)

म्हणूनच हाताच्या अंदाजावर शेवटचा निकाल देऊ नका. 0.08 लावायचा असेल तर 0.07 चं पातं सहज आत गेलं पाहिजे आणि 0.09 चं गेलं नाही पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की गॅप 0.08 च्या आसपास आहे, मग हात कोणाचाही असो. 0.01 च्या पायरीचा सेट घ्या म्हणतो ते याचसाठी. पायरीची पातीही मिळतात. त्यांचं टोक पातळ आणि मागचा भाग जाड असतो. टोक जावं, पायरीशी अडावं. नवशिक्यांना ती सोपी जातात, पण तुमच्या गाडीच्या मापाची जोडी मिळेलच असं नाही.

0.05 आणि 0.06 ची पाती इतकी लवचीक असतात की जोर लावला की पुढे सरकण्याऐवजी दुमडतात. "जात नाही" असं वाटतं, आणि प्रत्यक्षात पातं तोंडाशीच वाकलेलं असतं. टोकापासून सात-आठ मि.मी. अंतरावर चिमटीत धरून घाला. एकदा चुणी पडलेलं पातं त्या जागी जाड मोजतं. टोक कापून कड साफ करा, नाहीतर फेकून द्या.

प्रश्न: लॉकनट आवळला की गॅप बदलतो. तीन-चार वेळा केलं तरी तेच. काय चुकतंय? (एक वाचक, कोल्हापूर)

गॅप ठरवणारा टॅपेट स्क्रू या लॉकनटाने जागी अडकवलेला असतो. नट आवळताना तो स्क्रू त्याच्याबरोबर फिरतो आहे. नट घड्याळाच्या दिशेने आवळला जातो, स्क्रूही त्याच दिशेने ओढला जातो आणि व्हॉल्व्हकडे खाली उतरतो. म्हणून गॅप जवळजवळ नेहमी कमीच होतो. किती, याचा हिशोब करा. टॅपेट स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर 0.5 मि.मी. असेल तर एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू 0.5 मि.मी. सरकतो. म्हणजे फेऱ्याच्या दहाव्या भागाला, अवघ्या 36 अंशांना, 0.05 मि.मी. गेले. 0.08 चा गॅप 0.03 वर आला आणि तुम्हाला स्क्रू हललेला दिसलाही नाही.

उपाय असा. रिंग पान्याने नट आवळताना टॅपेट किल्लीने किंवा स्क्रूच्या खाचेत बसणाऱ्या पेचकसाने स्क्रू जागच्या जागी धरून ठेवा. फिक्स पाना नको, तो नटाचे कोपरे खातो आणि किल्लीला जागाही ठेवत नाही. नट आणि स्क्रूच्या आट्यांवर तेलाचा थेंब द्या. तरीही दर वेळी 0.01 ने कमी होत असेल, तर सुरुवातच 0.01 ने सैल ठेवा. नट पुस्तकातल्या टॉर्कपर्यंतच आवळा. बारीक आटे असतात, जोर केला की मरतात.

आवळून झाल्यावर पातं बाहेर काढा आणि पुन्हा नव्याने घाला. ही पायरी बरेच जण गाळतात. आधीपासून आत असलेलं पातं ओढून निघतं, पण तेच पातं त्याच फटीत बाहेरून शिरत नाही, असं होतं. तसं झालं तर गॅप कमी आहे. शेवटी इंजिन हाताने दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून परत एकदा मोजा.

प्रश्न: "टी" खूण जुळवली तरी एक रॉकर घट्ट लागतो, पातं जातच नाही. एकदा गॅप वाढवून लावला तर गाडी फार वाजू लागली. (एक वाचक, जळगाव)

दोन शक्यता आहेत. पहिली, पिस्टन वर आहे, पण ती कंप्रेशनची, म्हणजे मिश्रण दाबण्याची, वेळ नाही. फोर स्ट्रोक इंजिनात एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो आणि मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) "टी" खूण दोन्ही वेळा खाचेसमोर दिसते. एकदा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दुसऱ्यांदा एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असतो. या दुसऱ्या वेळी मोजणं निरर्थक.

ओळखायचं असं: प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. मॅग्नेटचा नट इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा आणि इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवा. तो खाली दाबून परत वर आला की त्यानंतर येणारी "टी" खूण कंप्रेशनची. आता दोन्ही रॉकर बोटाने टकटक हलले पाहिजेत. "टी"च्या आधी "एफ" खूण लागते, ती स्पार्क पडण्याची. घाईत तीच जुळवली जाते, म्हणून अक्षर नीट वाचा.

दुसरी शक्यता डीकॉम्प्रेसरची. बऱ्याच गाड्यांत इंजिन सहज फिरावं म्हणून कॅमवर (रॉकर हलवणाऱ्या फिरत्या दांड्यावर) एक छोटी यंत्रणा असते. ती कमी वेगाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. खूण पुढे गेली म्हणून इंजिन उलटं फिरवलंत, तर हीच यंत्रणा व्हॉल्व्ह उचलून ठेवू शकते आणि फट नाहीशी झाल्यासारखी वाटते. तुम्ही त्या अवस्थेत गॅप लावलात, म्हणून खऱ्या अवस्थेत तो भलताच मोठा झाला. खूण हुकली तर मागे येऊ नका. सरळ पुढे दोन फेरे फिरवून पुन्हा तिथे या.

प्रश्न: पुस्तकात "इंजिन थंड असताना, 35 अंशांखाली" असं लिहिलं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पहाटे 30 आणि दुपारी 45. मग काय, पावसाळ्याची वाट पाहायची? (एक वाचक, नागपूर)

वाट पाहायची गरज नाही. अट हवेपेक्षा इंजिनाच्या स्थितीसाठी जास्त महत्त्वाची आहे. गाडी रात्रभर सावलीत उभी असली की हेड, व्हॉल्व्ह, रॉकर सगळं एकाच तापमानाला येतं. मग ते तापमान 35 ऐवजी 40 असलं तरी फरक नगण्य. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन प्रसरण पावतं, पोलाद सुमारे 12. फरक 11 मायक्रॉनचा. 50 मि.मी. लांबीला आणि 10 अंशांना हा फरक साधारण 0.005 मि.मी. होतो. तुमच्या गेजचं सर्वांत बारीक पातंही ते पकडणार नाही.

खरी गडबड चालवून आणलेल्या गाडीत होते. हेड बाहेरून कोमट लागतं, आतला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र कितीतरी जास्त तापलेला असतो आणि प्रत्येक भाग आपल्या गतीने थंड होत असतो. अर्ध्या तासाने मोजलेला गॅप आणि दोन तासांनी मोजलेला गॅप वेगळे येतात. एक्झॉस्टला बहुतेक गाड्यांत जास्त गॅप देतात तोही याच उष्णतेमुळे. उन्हात उभी गाडी दुपारी बाराला मोजू नका. सकाळी सहाला, किक किंवा सेल्फ मारण्यापूर्वी मोजा.

प्रश्न: आमचे मेकॅनिक फिलर गेज वापरत नाहीत. रॉकर हाताने हलवून आणि आवाज ऐकून टॅपेट लावतात. आवाज अजिबात येत नाही, गाडी गुळगुळीत चालते. मग गेजची गरज काय? (एक वाचक, बारामती)

आवाज अजिबात येत नाही, हीच काळजीची गोष्ट. मोठा गॅप वाजतो. त्याने रॉकर आणि कॅम झिजतात, ताकद थोडी कमी होते, पण निदान तो ओरडून सांगतो. कमी गॅप गप्प बसतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, फट संपते आणि तो सीटवर (मिटताना ज्या कड्यावर बसतो तिथे) पूर्ण टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच सोडतो. टेकणंच बंद झालं की कड जळते. तोवर दिसणारी लक्षणं म्हणजे गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास, आयडलला बंद पडणं, सायलेन्सरमध्ये फटफट आणि चढावर दम नसणं. मग कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो.

अनुभवी हात 0.05 आणि 0.15 यांतला फरक ओळखतो, हे खरं. 0.05 आणि 0.08 यांतला ओळखेल यावर आम्ही पैज लावणार नाही. शिवाय रॉकरचा स्वतःच्या पिनवरचा खेळ हाताला टॅपेटच्या गॅपसारखाच लागतो. गेज तुमचा असला तरी हरकत नाही, मेकॅनिकच्या हातात द्या. चांगला माणूस रागावत नाही.

प्रश्न: गेजने 0.08 बरोबर येतो, तरी टॅपेटचा आवाज जात नाही. (एक वाचक, पिंपरी)

टॅपेट स्क्रूचं टोक तपासा. तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या आकाराचा बारीक खड्डा पडला असेल, तर सपाट पातं खड्ड्याच्या दोन काठांवर पुलासारखं टेकतं. गेज 0.08 म्हणतो आणि खड्ड्यासकट खरी फट 0.12 किंवा त्याहून जास्त असते. स्क्रू पूर्ण बाहेर काढून टोकावरून नख फिरवा. खड्डा लागला तर स्क्रू आणि नट बदला, महाग नसतात. टोक घासून सपाट करू नका. वरचा कठीण थर निघून जातो आणि नवा खड्डा लवकर पडतो. स्क्रू चांगला निघाला तर रॉकरची कॅमवर घासणारी बाजू, रॉकर पिन आणि टायमिंग चेन या क्रमाने पुढे जा.

प्रश्न: टॅपेटची खिडकी लहान आहे, सरळ पातं आत वळत नाही. वाकडी पाती घ्यावीत का? आणि इथल्या दमट हवेत गेज गंजतो. (एक वाचक, चिपळूण)

टोकाशी कोन दिलेली पाती अशा खिडकीसाठी आणि बकेट-शिमच्या (स्क्रूऐवजी चकतीने गॅप लावायच्या) इंजिनांसाठी सोयीची. लहान स्क्रू-टॅपेटच्या गाडीला 0.05 ते 0.12 ची पाती इतकी पातळ असतात की बोटाने हलका बाक देऊन जातात. चुणी मात्र पाडू नका. 12.7 मि.मी.ची रुंदी अडत असेल तर पातं पत्र्याच्या कात्रीने साधारण 6 मि.मी. रुंद करा आणि कापलेल्या कडेची बर तेलदगडावर काढा. बर राहिली तर 0.08 चं पातं 0.10 सारखं वागेल.

कोकणात स्टेनलेसची पाती घ्या. साधी कार्बन पोलादाची असतील तर काम झाल्यावर पुसून, मशीन ऑइलचा हात फिरवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मोजण्याआधी तेल पुसा. गंजाचे ठिपके पडलेलं पातं घासून वापरू नका, त्याची जाडी आता कोणालाच ठाऊक नाही. पितळी पाती दिसली तर ती टॅपेटसाठी नाहीत. मऊ असतात, ती चुंबकी पिकअपच्या फटीसाठी वापरतात.

प्रश्न: स्वस्तातला गेज घेतला. त्याची जाडी व्हर्नियरने तपासली तर चालेल? (एक वाचक, ठाणे)

नाही. साध्या व्हर्नियरचं लघुत्तम माप 0.02 मि.मी. असतं. डिजिटलवर 0.01 दिसतं, पण तो 0.02 ने इकडेतिकडे असू शकतो. 0.05 च्या पात्यात 0.02 ची शंका म्हणजे तपासणीच नव्हे. 0 ते 25 मि.मी.चा मायक्रोमीटर हवा, आधी शून्य तपासलेला. पातं टोकाजवळ, मधे आणि मुळाशी मोजा. झीज टोकाशीच असते. जवळपास टर्निंगचं वर्कशॉप असेल तर तिथे दोन मिनिटांत होईल.

प्रश्न: केटीएम ड्यूकमध्ये स्क्रू नाही, शिम आहे म्हणतात. मग गेज घेऊन उपयोग काय? (एक वाचक, नवी मुंबई)

मोजायला गेज लागतोच, फक्त लावायला पेचकस पुरत नाही. गॅप चुकला तर व्हॉल्व्हवरची गोल चकती, म्हणजे शिम, बदलावी लागते. हिशोब: नवी शिम = जुनी शिम + मोजलेला गॅप − हवा असलेला गॅप. उदाहरणापुरतं धरा की मर्यादा 0.10 ते 0.15 आहे, मोजलेला गॅप 0.06 आला आणि जुनी शिम 2.45 ची आहे. मधला 0.13 हवा असेल तर 2.45 + 0.06 − 0.13 = 2.38. शिम 0.05 च्या पायरीने मिळत असतील तर 2.40 घ्या, गॅप 0.11 येईल. 2.35 घेतली तर 0.16, मर्यादेबाहेर. जुन्या शिमवरचा आकडा झिजलेला असतो, म्हणून तीही मायक्रोमीटरने मोजा. आणि भाग सोडवण्यापूर्वी सगळे गॅप कागदावर लिहा. एकदा ते सुटले की मोजता येत नाही.

प्रश्न: वडिलांची जुनी बुलेट आणि माझी 2012 ची क्लासिक 350, दोन्हींना कोणती पाती लागतील? (एक वाचक, नाशिक)

दोन्हींना एकही नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला थंड इंजिनावर शून्य गॅप लावतात. पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तुमच्या क्लासिकच्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते तेलाच्या दाबावर स्वतःच फट भरून काढतात. तिथे आवाज आला तर आधी तेलाची पातळी आणि दर्जा पाहा.

प्रश्न: याच गेजने प्लगचा गॅप लावता येईल का? (एक वाचक, अकोला)

नव्या प्लगला येईल. वापरलेल्या प्लगच्या वाकड्या काडीला आतून खळगा पडतो आणि सपाट पातं तिथेही कमी गॅप दाखवतं, म्हणून गोल तारेचा गेज बरा. इरिडियम प्लगच्या मधल्या बारीक टोकाला पातं लावूच नका, तुटतं.